‘रात्रीस खेळ चाले’ बघताना पात्रांकडे कसं बघावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झी मराठीवरची ही कोकणातल्या नाईक कुटुंबाची मालिका संपून वर्षं झाली तरी प्रश्न येत राहतात. काही चाकरमान्यांचे, काही कुडाळ-सावंतवाडीकडच्या लोकांचे, आणि बरेच घाटावरच्या मंडळींचे. बहुतेकांना एकच जाणून घ्यायचं असतं: भुतं आणि खून बाजूला ठेवले तर या मालिकेत पुन्हा बघण्यासारखं काय उरतं? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. नाईकांच्या वाड्यातली माणसं उरतात. त्यांच्या जिवावर मालिका उभी राहिली, आणि जिथे लेखकांनी माणसं सोडून धक्के धरले तिथे ती घसरली. खाली कुठल्याही भागाचा शेवट फोडलेला नाही.

१. पात्रप्रधान लेखन म्हणजे नक्की काय? पात्रं तर प्रत्येक मालिकेत असतात.

असतात, पण पुष्कळदा घटना आधी ठरते आणि मग तिच्यात पात्रं उभी केली जातात. लग्नात विघ्न हवं असतं, म्हणून कुणीतरी दागिने चोरतं. ते कुणी चोरले याने फारसा फरक पडत नाही. पात्रप्रधान लेखनात सुरुवात माणसापासून होते. याला हे हवंय, हे लपवायचंय, या गोष्टीची लाज वाटते, म्हणून आज तो असाच वागणार.

ओळखायची सोपी युक्ती आहे. एखाद्या प्रसंगातलं एक पात्र काढून तिथे दुसरं ठेवून बघा. प्रसंग तसाच पुढे गेला, तर तो पात्रातून आलेला नाही. २०१६ च्या पहिल्या भागात (म्हणजे पहिल्या पर्वात) सुरुवातीलाच घरचे कर्ते अण्णा नाईक मरतात आणि सगळं कुटुंब वाड्यात गोळा होतं. बातमी सगळ्यांना एकच, पण गावी राहून घर धरून बसलेल्या मुलाला, दत्ताला, ती वेगळी लागते, मुंबईला संसार थाटलेल्या दुसऱ्या मुलाला, माधवला, वेगळी, दत्ताच्या बायकोला, सरितेला, वेगळी आणि अण्णांच्या बायकोला, माईला, अगदीच वेगळी. कोण रडतंय यापेक्षा रडता रडता कुणाची नजर कुठे जातेय ते बघा. पुढच्या कित्येक भागांची भांडणं तिथेच पेरलेली आहेत.

२. आमका ही भुताची मालिका म्हणान म्हायत. हेच्यात पात्रां कसली बघूची?

भुताची आहेच, नाही कोण म्हणतंय! पण एक गोष्ट लक्षात घ्या. रात्री फिरणाऱ्या अदृश्याशी कोकणाचं नातं मुळात घाबरण्याचं नाही. आरवलीच्या वेतोबाला, तिथल्या ग्रामदेवाला, लोक चामड्याच्या चपला वाहतात, कारण तो रात्रभर फिरून गाव राखतो अशी श्रद्धा आहे. राखणदाराला वर्षाचा मान दिला की तो आपल्या बाजूचा. त्यामुळे झाडामागची नुसती सावली मालवणी माणसाला फार वेळ घाबरवू शकत नाही.

वाड्यातली भीती घरच्यांची आहे. मेलेला माणूस इथे प्रत्येकाच्या ओळखीचा आहे आणि त्याच्याशी प्रत्येकाचा काही ना काही हिशेब राहिलेला आहे. दार आपोआप वाजलं की कोण दचकतं आणि कोण दचकत नाही, यावरून कुणाच्या मनात काय आहे ते कळतं. लेखकांनी पहिल्या भागात भीतीचा हा उपयोग फार हुशारीने करून घेतलाय.

३. तीन भागांपैकी सुरुवात कुठून करावी?

ज्या क्रमाने दाखवले त्याच क्रमाने बघा. पहिला भाग २०१६ चा, दुसरा २०१९–२० चा, तिसरा २०२१–२२ चा. दुसरा भाग काळाने पहिल्याच्या मागे जातो, म्हणून अनेकजण ‘गोष्ट नीट लागावी’ यासाठी तिथून सुरुवात करतात. गोष्ट लागेल, पण एक मोठी मजा हातची जाईल.

पहिल्या भागातले अण्णा बरेचसे इतरांच्या बोलण्यातून उभे राहतात. कुणाचा वडील, कुणाचा नवरा, गावाचा धाक. अण्णांचं जिच्याशी प्रकरण होतं ती शेवंता तर त्या भागात जवळजवळ अफवा आहे. दुसरा भाग त्या सगळ्या आठवणी तपासायला घेतो. कोण खरं बोलत होतं, कुणी पदरचं घातलं होतं, हे तुम्हाला आधीचं ऐकलेलं असेल तरच लागू पडतं. तिसऱ्या भागाबद्दल माझं मत तितकं चांगलं नाही. त्याबद्दल प्रश्न १२ बघा.

४. आवडते की नाही हे ठरवायला किती भाग बघावे लागतील?

दोन आठवड्यांचे. त्याआधी सोडू नका. आणि दोन आठवड्यांनंतरही एकाही माणसाबद्दल कुतूहल वाटलं नाही, तर खुशाल सोडा.

५. एवढे भाग लिहितं कोण? एकाच माणसाचं लेखन नसेल तर पात्र एकसंध कसं राहतं?

दैनंदिन मालिकेत कथा, पटकथा आणि संवाद ही बहुधा वेगवेगळ्या लोकांची कामं असतात. पटकथेवाला प्रसंगांची मांडणी ठरवतो, संवादलेखक त्यात बोलणं भरतो, आणि चित्रीकरण प्रक्षेपणाच्या थोडंच पुढे चाललेलं असतं. कादंबरीकाराला शेवट लिहून झाल्यावर पहिलं प्रकरण सुधारता येतं. इथे सोमवारी दाखवलेलं शुक्रवारी खोडता येत नाही.

म्हणून पात्राची सुसंगती दोन गोष्टींवर टिकते: त्याची बोलण्याची तऱ्हा आणि त्याची जुनी दुखणी. लेखक बदलला तरी या दोन गोष्टी सांभाळल्या की पात्र ओळखू येतं. या मालिकेला एक फायदा असाही होता की संवाद लिहिणारे प्रल्हाद कुडतरकर स्वतःच वाड्यातल्या विसराळू गड्याची, पांडूची, भूमिका करत होते. शब्द लिहिणारा माणूस रोज त्या वाड्यात, त्याच कलाकारांसमोर उभा. कुणाच्या तोंडी कुठलं वाक्य बसत नाही, हे त्याला सेटवर लगेच ऐकू येत असणार. दिग्दर्शक राजू सावंत, आणि वाडा कुडाळ तालुक्यातल्या आकेरीचा. म्हणजे बोली, माणसं आणि जागा एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर होती. मुंबईतल्या स्टुडिओत कौलं रंगवून हे जमलं नसतं.

६. अण्णा इतका वाईट माणूस, तरी बघत राहावंसं का वाटतं? आपलंच काही चुकतंय का?

तुमचं काही चुकत नाही. हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि विचारणाऱ्यांत बायका जास्त असतात.

माधव अभ्यंकरांच्या अभिनयाला श्रेय द्यायलाच हवं, पण लेखनही बघा. अण्णांना जवळजवळ प्रत्येक प्रसंगात काहीतरी हवं असतं. जमीन, बाई, मान, नाहीतर नुसतं समोरच्याने घाबरणं. हवं असलेला माणूस पडद्यावर कधी कंटाळवाणा होत नाही. शिवाय, त्यांनी वाईट का वागावं याचं रडगाणं लेखक सुरुवातीला लावत नाहीत. बालपणी अन्याय झाला, म्हणून बिचारा असा झाला, ही आपल्या मालिकांची आवडती पळवाट. ती नसल्यामुळे आपण त्यांना माफ करत बसत नाही. पुढे काय करणार, एवढंच बघतो.

मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते याच्या पुढचं. अण्णांचा दरारा एकट्या अण्णांनी तयार केलेला नाही. तो घडतो आजूबाजूच्यांच्या गप्प बसण्यातून. गडी मान खाली घालतो, शेजारी वाट बदलतो, घरातली बाई विषय बदलते. दुसऱ्या भागात अण्णा बोलत असताना त्यांच्याकडे न बघता बाकीच्यांकडे बघत एक भाग काढा. जमीनदारी म्हणजे काय हे त्यातून जितकं कळेल तितकं भाषणातून कळणार नाही. कोकणात सातबाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्यांची सामायिक नावं चढलेली असतात. वाटण्या झालेल्या नसतात आणि अर्धे हिस्सेदार मुंबईत. अशा ठिकाणी प्रत्यक्ष जागेवर राहणारा आवाजी माणूस किती भारी पडू शकतो, हे इथल्या प्रेक्षकाला समजावून सांगावं लागत नाही.

तक्रार एकच. दुसऱ्या भागाच्या मधल्या टप्प्यात मालिका स्वतःच अण्णांच्या प्रेमात पडते. त्यांच्या एंट्रीला पार्श्वसंगीत चढतं, आणि धाक दाखवता दाखवता त्याचा थाट होतो. तिथे प्रेक्षकाने जरा सावध राहावं.

७. शेवंता म्हणजे शेवटी ‘दुसरी बाई’च ना? त्यात नवीन काय?

साचा जुनाच आहे. नवीन एवढंच की शेवंताला स्वतःची गणितं दिली आहेत. ती कुणाच्या जाळ्यात नकळत सापडलेली भाबडी नाही, आणि घर फोडायला निघालेली कजागही नाही. आपल्या रूपाची किंमत तिला कळते, नवऱ्याच्या, पाटणकरांच्या, संसारात आपलं काय अडतं हे कळतं, अण्णांकडून काय मिळू शकतं हेही कळतं. फक्त त्याची वसुली कशी होणार, हे उशिरा कळतं. अपूर्वा नेमळेकरने ही हुशारी आणि ही चूक एकाच चेहऱ्यावर दाखवली.

दुसरा भाग बघताना प्रेक्षकाला तिचं पुढे काय होणार हे पहिल्या भागामुळे ठाऊक असतं. त्यामुळे ‘काय होईल’ हा प्रश्नच संपतो. उरतो तो ‘ती इथवर कशी गेली’ हा प्रश्न, आणि त्याचं उत्तर फक्त पात्रच देऊ शकतं. कॅमेरा मात्र काही वेळा लेखनापेक्षा उथळ वागतो. ती दिसली की नको तितका रेंगाळतो.

८. माई काहीच करत नाही. तिला एवढं महत्त्व का देता?

ती काहीच करत नाही असं वाटणं, हेच त्या पात्राचं यश.

शकुंतला नरे यांची माई घर चालवते. चूल, देव, येणारा-जाणारा, मुलांची मनं. या घरात सगळ्यांत जास्त माहिती बहुधा तिच्याकडे आहे, आणि ती वापरायची मुभा सगळ्यांत कमी. मग ती काय करते? देवाला गाऱ्हाणं घालते, वाढायला घेते, ‘मेल्या’ म्हणून पांडूवर ओरडते. राग जिथे काढायचा तिथे काढता येत नाही, म्हणून तो गड्यावर निघतो. अशी बाई आपल्यापैकी कित्येकांच्या घरात होती. तिचा राग नेमका कुणावरचा आहे, हे आपण तेव्हा विचारलं नव्हतं, इतकंच.

माई बोलत असताना तिचं वाक्य कुणाला उद्देशून आहे ते बघा आणि ते खरं कुणासाठी आहे तेही बघा. ही दोन माणसं पुष्कळदा वेगळी असतात. सुनांच्या बाबतीत तर हे हटकून होतं. सरितेला सुनावताना ती नीलिमाला ऐकवत असते, आणि दोघींनाही ते कळतं. माझ्या मते मालिकेतलं सगळ्यांत भक्कम लेखन अण्णांचं नाही, माईचं आहे.

९. पांडू फक्त हसवायला ठेवलाय का?

हसवायलाही. पण तो विसरतो कधी आणि त्याला आठवतं कधी, याची नोंद ठेवा. भोळा समजला जात असल्यामुळे त्याच्यासमोर लोक काहीही बोलतात. म्हणून त्याच्यापाशी जितकी गुपितं जमतात तितकी पोलिसांकडेही नसतात. कोकणातल्या दशावतारी नाटकातला संकासुर जसा प्रेक्षकांशी थट्टा करता करता गावातल्या प्रतिष्ठितांना टोमणे मारून घेतो, त्याच जातीची ही मोकळीक आहे. संवादलेखकानेच ही भूमिका करणं (प्रश्न ५) हा योगायोग असो वा नसो, फार शोभून दिसतो.

१०. दशावताराचा उल्लेख तुम्ही नेहमी करता. त्याचा टीव्ही मालिकेशी काय संबंध?

मालिका दशावतारावरून घेतली असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं प्रेक्षकाबद्दल आहे.

दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेलं असतं, कुठल्या प्रवेशात कोण येणार हे ठरलेलं असतं, बोलणं मात्र नट रंगमंचावर उभा राहून करतो. नेपथ्य म्हणावं तर एक बाकडं. राजवाडा तेच, अरण्य तेच. साथीला हार्मोनियम, मृदंग आणि झांज. स्त्रीची भूमिका पुरुष करतो. म्हणजे प्रेक्षकाला धरून ठेवायला पात्राच्या बोलण्याशिवाय दुसरं काही नाही, आणि तेही रात्रभर, जत्रेच्या गर्दीत, थंडीत.

कथा सगळ्यांना पाठ असते. द्रौपदीचं काय होणार हे काय सिंधुदुर्गातल्या म्हाताऱ्यांना माहीत नाही? तरी ते बसतात, कारण आजचा नट आज काय युक्तिवाद करतो ते ऐकायचं असतं. पार्सेकर मंडळाचं नाटक की मोचेमाडकर मंडळाचं, यावर वाद घालणारा माणूस मुळात पात्रलेखनाचीच समीक्षा करत असतो. फक्त तो तिला समीक्षा म्हणत नाही. दुसऱ्या भागात शेवट माहीत असूनही इथल्या लोकांनी रोज टीव्ही लावला, त्याचं मला तरी नवल वाटलं नाही.

११. मालवणी नीट कळत नाही. किती निसटेल?

गोष्ट निसटणार नाही, थोडी धार निसटेल. राज्यभरच्या प्रेक्षकांसाठी मालवणी बरीच सौम्य केलेली आहे, आणि त्यावरून इथल्या लोकांची कुरकुर होतीच. कोण कुणाशी मालवणीत बोलतं आणि कोण प्रमाण मराठीवर सरकतं, तेवढं ऐका. मुंबईहून आलेली मंडळी रागावली की कुठल्या बोलीत रागावतात, हे मोठं गमतीचं आहे.

१२. मालिका लांबवली की पात्रं बिघडतातच. पात्र खरंच बदललं की लेखकाने मोडलं, हे कसं ओळखायचं?

अवघड प्रश्न आहे, कारण खरी माणसंही बदलतात. मी तीन गोष्टी तपासतो. बदलाआधी पात्राला काही नवीन कळलं का? त्या बदलाची त्याला काही किंमत मोजावी लागली का? आणि आजूबाजूच्यांना तो बदल जाणवला का? तिसरी सगळ्यांत खात्रीची. घरातला माणूस अचानक वेगळा वागू लागला तर घरचे म्हणतातच, ‘हेका झाला काय?’ कुणीच काही म्हणालं नाही, तर लेखकाला सोयीचं म्हणून ते पात्र वळवलेलं आहे.

या कसोटीवर पहिल्या भागाचा उत्तरार्ध थोडा लंगडतो. संशय आळीपाळीने प्रत्येकावर टाकायचा, म्हणून चांगली उभी केलेली माणसं अधूनमधून उगाच गूढ बघतात. दुसऱ्या भागाला २०२० च्या टाळेबंदीत चित्रीकरण थांबल्याने खंड पडला, आणि पुन्हा सुरू झाल्यावर तो ऑगस्टमध्ये आवरला. तिथली घाई माफ करण्यासारखी आहे. तिसऱ्या भागात मेलेलीच माणसं मुख्य झाली. मेलेल्या माणसाला गमावण्यासारखं फार थोडं असतं, म्हणून अण्णा-शेवंता नुसते दिसायला लागले, घडायचे थांबले. त्या भागातली थकलेली माई मात्र चुकवू नका.

१३. मधेच कलाकार बदलला तर पात्र तेच मानायचं का?

तिसरा भाग चालू असताना शेवंताच्या भूमिकेत अपूर्वा नेमळेकरच्या जागी कृतिका तुळसकर आली, तेव्हा हा प्रश्न पुष्कळांनी विचारला. लेखनाच्या दृष्टीने पात्र तेच. पण दैनंदिन मालिकेत लेखक हळूहळू कलाकाराच्या लकबींसाठी लिहू लागतो. कुठे थांबायचं, कुठे हसायचं, हे कागदावर न लिहिताही त्यात गृहीत धरलेलं असतं. नव्या कलाकाराला आयते मिळतात ते दुसऱ्याच्या मापाचे संवाद. अशा वेळी अभिनयाची तुलना करण्याआधी त्या आठवड्यांत लेखन बदललं का ते बघा. बहुधा बदललेलं नसतं, आणि दोष नव्या मुलीच्या माथी बसतो.

१४. या मालिकेने कोकणाची बदनामी केली असं तुम्हाला वाटत नाही?

२०१६ मध्ये हा आक्षेप जोरात घेतला गेला आणि त्यात तथ्य होतं. कोकण म्हटलं की भुतं, करणी आणि भाऊबंदकी, ही प्रतिमा आधीच होती, मालिकेने ती राज्यभर पोचवली. गावातली साधी सुखी माणसं तिच्यात फारशी नाहीतच. पण भाऊबंदकी खोटी आहे असं म्हणायला कुडाळच्या कोर्टाच्या आवारात उभं राहून मला जमणार नाही.

१५. आमची आजी पात्रांना शिव्या घालत मालिका बघते. असं बघणं आणि तुम्ही सांगता तसं बघणं, यात खरं कुठलं?

आजीचं. ‘ह्या सरितेचा डोळा दागिन्यार आसा’ असं ती पहिल्या आठवड्यात म्हणाली असेल, तर हेतू, स्वभाव आणि पुढचा अंदाज तिने एका वाक्यात सांगून टाकला. वर मी त्यालाच परिच्छेद लावले.

१६. एखादं पात्र मुद्दामच विसंगत लिहिलेलं असेल तर? तुमच्या कसोट्या तिथे चुकतील ना?

चुकतील. अण्णांच्या मुलीचं, छायाचं, उदाहरण घ्या. घडीत हळवी, घडीत खुनशी. प्रश्न १२ च्या कसोट्या लावल्या तर ती मोडलेलं पात्र ठरते. पण तिची विसंगती पहिल्यापासून आहे आणि घरातल्यांनी ती स्वीकारलेली आहे. तिच्याशी बोलताना सगळे आधी अंदाज घेतात. विसंगती हाच स्वभाव असेल, तर इतरांनी त्याला सरावलेलं दिसलं पाहिजे. तसं दिसलं की लेखकावर विश्वास ठेवावा.

१७. चतुर्थीला पाच दिवस गावी आहोत. सगळ्यांनी मिळून थोडी बघायची तर कुठली बघावी?

झी५ वर तिन्ही भाग आहेत. पहिल्या भागाचा पहिला आठवडा घ्या. जाहिराती वगळल्या तर एक भाग वीस-बावीस मिनिटांचा, म्हणजे दोन तासांत आटपेल. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या भागाची सुरुवात लावा आणि अण्णांना प्रथम नीट बघितल्यावर थांबून घरच्यांना विचारा, आदल्या दिवशी कोण खोटं बोलत होतं. वाद होईल, होऊ द्या. मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही, तेव्हा मुंबईहून निघतानाच डाउनलोड करून आणा. आरती आणि भजनाच्या आधी संपवा. आणि वाडीत ज्या रात्री डबलबारी (दोन भजनी बुवांचा सामना) असेल, त्या रात्री मालिकेचं नाव काढू नका. कुणी येणार नाही.